आराखड्यातील गणगोत : स्केच, बॉडी आणि कंपोनंट

तिफण म्हणजे काय, हे मेडशीच्या माणसास सांगावयास बाहेरगावचा वक्ता आणण्याचे कारण नाही. आडवे लाकडी खोड, त्यात बसविलेले तीन दाते, दात्यांच्या टोकांस लोखंडी फण, दात्यांमागे उतरणाऱ्या बांबूच्या तीन नळ्या आणि त्या तिन्ही नळ्यांस बी पुरविणारे एकच चाडे. पुढे जुवाकडे जाणारी दांडी आणि मागे धरावयास रुमणे. अकोला-वाशिम रस्त्याच्या दोन्ही अंगांस पिढ्यान्‌पिढ्या पेरणी झाली ती या अवजाराने. आज पुष्कळ शेतांत ट्रॅक्टरमागचे पेरणीयंत्र आले आहे. परंतु त्याच्याही पोटात आडवा दांडा, दाते आणि नळ्या आहेतच. लाकडाचे लोखंड झाले आणि चाड्यावर धरलेल्या मुठीचे काम फिरत्या चकतीने पत्करले, एवढाच फरक.

या ओळखीच्या अवजाराचा हात धरून एका कमी ओळखीच्या विषयात शिरावे, असा आमचा विचार आहे. तो विषय म्हणजे संगणकावर यंत्रांचे आराखडे काढण्याची आजची रीत आणि त्यातही विशेषतः त्या आराखड्याची अंतर्गत व्यवस्था. आपल्या गावांतील मुले आयटीआयमध्ये किंवा तंत्रनिकेतनात जाऊन ‘कॅड’ शिकून येतात. त्यांना पडद्यावर वस्तू काढता येते. ती फिरवून दाखविता येते. रंगही देता येतो. पण त्याच वस्तूचे एक माप बदलून मागितले की पुष्कळदा सगळा डोलारा कोसळतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. असे का व्हावे? आमच्या मते त्याचे कारण हाताच्या कौशल्यात नसून मांडणीत आहे. कोणता भाग कोणाच्या आधारावर उभा आहे, याचा विचार चित्र काढण्यापूर्वी झालेला नसतो.

जुन्या फलकावरून नव्या पडद्यावर

कागदावर आराखडा काढीत असत तेव्हा रेघ ही केवळ रेघ होती. फलक, टी-पट्टी, गुण्ये आणि टोकदार पेन्सिल घेऊन बसलेल्या ड्राफ्ट्समनने खोडाची लांबी 120 सेंटिमीटर दाखविली आणि पुढे ती 150 करावयाची ठरली, तर त्या रेघेशी संबंध असलेली प्रत्येक रेघ त्यास स्वतः शोधून, ब्लेडने खरवडून नव्याने काढावी लागे. कागदास नाती ठाऊक नव्हती. ती ड्राफ्ट्समनच्या डोक्यात असत.

संगणकास ही नाती सांगून ठेवता येतील, हे 1963 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी आपल्या प्रबंधात दाखविले. त्यांच्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीत प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघा काढावयाच्या आणि मग ‘या दोन समांतर राहोत’, ‘या सारख्या लांबीच्या राहोत’ अशा अटी घालावयाच्या. प्रणाली त्या अटी पाळून आकृती नीट करून देई. एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती ठेवण्याचीही सोय तीत होती आणि मूळ बदलले की प्रती आपोआप बदलत. आजच्या साऱ्या पद्धतीचे बीज येथे आहे.

पुढे 1988 साली पीटीसी या कंपनीने ‘प्रो-इंजिनियर’ बाजारात आणले आणि मापांच्या नात्यांवर घन वस्तू उभी करण्याची रीत कारखान्यांत रूढ झाली. याच रीतीस ‘पॅरामेट्रिक’ म्हणतात. आपण तिला मापाधीन म्हणू. 1995 साली सॉलिडवर्क्स आले. 2002 पासून फ्रीकॅड नावाची प्रणाली वाढत आली आहे. ती कोणासही विनामूल्य मिळते आणि तिची आतली रचनाही सर्वांस खुली आहे. हा सगळा परदेशचा व्यवहार आहे असे मात्र कोणी समजू नये. पीटीसीचे मोठे केंद्र पुण्यात आहे आणि तेथील मराठी अभियंते अशा प्रणाली घडविण्याच्या कामात आहेत. पुणे जिल्ह्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. त्या खेड्यात 2002 साली एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर काढलेली वस्तू तेथल्या तेथे कापून-कोरून बनविणारी कर्मशाळा म्हणजे फॅब लॅब. खेड्यातील मुलामुलींनी आपल्या गरजेचे यंत्र आपणच आखावे आणि आपणच बनवावे, हा त्यामागील विचार आहे. जे पाबळला शक्य झाले ते मेडशीस अशक्य असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

माप बदलले की काय काय बदलते?

आता तिफणीकडे वळू. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवावे, अशी शिफारस आपल्याकडे रूढ आहे. तेव्हा दोन दात्यांमधील अंतर 45. खोडाच्या दोन्ही टोकांस दात्यापलीकडे 15 सेंटिमीटर लाकूड सोडू. तीन दात्यांमध्ये अंतरे दोन. म्हणून खोडाची लांबी 2 × 45 अधिक 2 × 15, म्हणजे 120 सेंटिमीटर झाली.

चाडे मधल्या दात्याच्या वर आहे आणि त्याचे तोंड दात्यांच्या पातळीपासून 60 सेंटिमीटर उंच आहे, असे समजा. नळ्यांचा मागेपुढे असणारा तिरकसपणा हिशेबाच्या सोयीसाठी सोडून दिला, तर मधली नळी सरळ 60 सेंटिमीटरची होईल. बाजूच्या नळ्या मात्र तिरप्या उतरतील. उंची 60, आडवे अंतर 45. शाळेत शिकलेल्या काटकोन त्रिकोणाच्या नियमाने त्यांची लांबी 75 सेंटिमीटर येते.

आता कोणी शेतकरी म्हणाला की, माझ्या पिकास 30 सेंटिमीटरचे अंतर पाहिजे. मग खोड 120 वरून 90 वर येईल, दात्यांची भोके सरकतील आणि बाजूच्या नळ्या 75 वरून सुमारे 67 वर येतील. मधली नळी मात्र होती तेवढीच राहील. चाडेही बदलणार नाही, फणही बदलणार नाहीत. जाणत्या सुतारास हे सांगावे लागत नसे. एका मापाच्या मागे कोणकोणती मापे ओढली जातात आणि कोणती जागची हलत नाहीत, याचा नकाशा त्याच्या मनात पक्का असे. मापाधीन आराखडा म्हणजे तोच नकाशा संगणकात उतरविणे. तो उतरविण्यासाठी तीन पायऱ्या आहेत : स्केच, बॉडी आणि कंपोनंट.

पहिली पायरी : स्केच

स्केच म्हणजे सपाट पृष्ठावर काढलेली बाह्यरेषा. तिला पुढे जाडी दिली की घन वस्तू होते. खोडाचे स्केच म्हणजे एक लांबट आयत. आयत काढणे हे पोरासोरांचे काम वाटते. परंतु संगणकाच्या दृष्टीने त्या आयतास चार मोकळीका असतात. त्याची लांबी किती, रुंदी किती, तो आडवा कोठे आहे आणि उभा कोठे आहे. या चारही गोष्टी सांगितल्या तरच आयत जागेवर बसतो. तीनच सांगितल्या तर चौथीच्या बाबतीत तो मोकळा राहतो आणि केव्हातरी, आपले लक्ष नसताना, सरकतो. सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत अशी अर्धवट बांधलेली रेघ निळी दिसते आणि पूर्ण बांधली गेली की काळी होते. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेले स्केच हिरवे होते. रंगाची ही खूण शिकाऊ विद्यार्थी नजरेआड करतात. पडद्यावर आकृती बरोबर दिसते ना, मग झाले! परंतु बरोबर दिसणे निराळे आणि बरोबर बांधलेले असणे निराळे. दोन्ही बाजूंनी गरजेपेक्षा अधिक अटी घातल्या तर त्या एकमेकींशी भांडू लागतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा एका रेघेस दोन लांब्या राहत नाहीत.

स्केचविषयी आणखी दोन पथ्ये आहेत. पहिले, माप शक्यतो मूळबिंदूपासून धरावे. प्रत्येक आराखड्यात एक अढळ बिंदू व त्यातून जाणारी तीन पातळ्या असतात. त्या कधीही बदलत नाहीत. आपल्या खोडाचा मध्य या बिंदूवर ठेवला की अंतर बदलल्यावर खोड दोन्ही अंगांस सारखे वाढते किंवा घटते आणि चाडे मध्यावरच राहते. दुसरे पथ्य असे की, एका स्केचमध्ये सारा संसार मांडू नये. खोडाचा आयत हे एक स्केच. दात्याच्या भोकाचे दुसरे. भोकेही तीन काढू नयेत. एकच काढावे आणि ‘याची 45 सेंटिमीटर अंतराने तीन वेळा आवृत्ती कर’ असे सांगावे. म्हणजे उद्या पाच दात्यांचे यंत्र पाहिजे झाले तर तीनच्या जागी पाच हा आकडा घालावयाचा; खोडाची लांबी 4 × 45 अधिक 30, म्हणजे 210 सेंटिमीटर आपोआप होते. अर्थात लांबीच्या जागी 120 हा आकडा न लिहिता हे सूत्र लिहिलेले असले पाहिजे.

दुसरी पायरी : बॉडी

स्केचला जाडी दिली, त्यात भोक पाडले, कडा गोल केल्या की जी एकसंध घन वस्तू तयार होते ती बॉडी. एकसंध हा शब्द येथे महत्त्वाचा. खोड हा लाकडाचा एक तुकडा आहे, म्हणून त्याची एक बॉडी. दाता हा दुसरा तुकडा, म्हणून दुसरी.

बॉडी घडविताना केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद प्रणाली क्रमाने ठेवते आणि माप बदलले की ती यादी पहिल्यापासून पुन्हा वाचते. त्यामुळे क्रमास फार महत्त्व येते. आधी मुख्य आकार, मग मोठी भोके व खाचा, मग आवृत्त्या आणि सर्वांत शेवटी कडांची गोलाई, हा क्रम हितावह आहे. सुतारही आधी खोड तासतो, भोके पाडतो आणि काम संपत आल्यावर कडा मारतो. जो आधी कडा गोल करून मग त्या गोल कडेपासून भोकाचे माप धरील, त्याचे भोक गोलाई बदलताच भरकटेल.

यात आणखी एक खोच आहे. बॉडीच्या एखाद्या पृष्ठावर नवे स्केच बसविले, तर प्रणाली ते पृष्ठ ‘सहावे पृष्ठ’ अशा क्रमांकाने लक्षात ठेवते. पुढे मधेच एक खाच वाढविली की पृष्ठांची संख्या वाढते आणि सहावे पृष्ठ भलतेच निघते. गल्लीत मधे नवे घर उठले, घरांचे क्रमांक बदलले आणि पोस्टमनने पत्र शेजाऱ्याकडे टाकले, तसाच हा प्रकार. फ्रीकॅडमध्ये ही अडचण पुष्कळ काळ फार जाचक होती; नोव्हेंबर 2024 मध्ये निघालेल्या 1.0 आवृत्तीत ती बरीच कमी झाली आहे. तरीही खरा उपाय शिस्तीचाच. स्केच बदलत्या पृष्ठावर न बसविता मूळच्या अढळ पातळीवर, किंवा तिच्यापासून मोजून घेतलेल्या पातळीवर बसवावे.

तिसरी पायरी : कंपोनंट

येथे सर्वांत अधिक घोटाळा होतो. बॉडी आणि कंपोनंट यांत भेद तो काय? पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. भेद असा की, बॉडी हा केवळ आकार आहे आणि कंपोनंट हा स्वतःचा संसार असलेला सुटा भाग आहे. त्यास स्वतःचा मूळबिंदू असतो, स्वतःची स्केचे व बॉडी त्याच्या पोटात असतात, त्यास दुसऱ्या भागाशी सांधा जोडून हलविता येते, त्याच्या प्रती ठेवता येतात आणि सामानाच्या यादीत त्याची गणती होते.

एखादा तुकडा कंपोनंट करावा की नुसती बॉडी ठेवावी, हे ठरविण्यास आम्ही चार प्रश्न सुचवितो. हा भाग इतरांपासून वेगळा हलतो काय? तो वेगळा बनविला जातो किंवा विकत आणला जातो काय? तो मोडल्यास एकटा बदलता येतो काय? तो एकाहून अधिक ठिकाणी लागतो काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर त्यास कंपोनंट करावे.

तिफणीस हे लावून पाहू. दाता सुतार करतो, फण लोहार करतो आणि फण झिजला की एकटा बदलतात. म्हणून दोन्ही निरनिराळे कंपोनंट. दाते तीन असले तरी दात्याचा कंपोनंट एकच. तिन्ही जागी त्याच्या प्रती. फणाचेही तसेच. नळ्या तीन दिसतात, पण कंपोनंट दोन. मधली 60 सेंटिमीटरची एक आणि बाजूची 75 ची दुसरी. बाजूचीच्या प्रती दोन. सामानाची यादी मागितली की प्रणाली आपणहून सांगेल : खोड 1, दाते 3, फण 3, मधली नळी 1, बाजूच्या नळ्या 2, चाडे 1. चाडे मात्र एकाच लाकडातून कोरलेले असेल तर त्यातील वाटी व बूड यांचे दोन कंपोनंट करण्यात अर्थ नाही.

क्रमाविषयीही एक नियम आहे आणि तो शिकाऊ विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आधी कंपोनंट निर्माण करावा आणि मग त्याच्या आत स्केच काढावे. बहुतेक जण उलट करतात. सगळी स्केचे बाहेर अंगणात, सगळ्या बॉडी एका ढिगात आणि शेवटी त्यांतून कंपोनंट वेगळे करण्याची धडपड. मग बॉडी आत जाते, पण तिचे स्केच बाहेरच राहते. आई एका घरी आणि मूल दुसऱ्या घरी, अशी अवस्था होते. काही प्रणालींत प्रत्येक सुट्या भागाची निराळी फाइलच करावी लागते, तेथे ही चूक आपोआप टळते. जेथे सारे एकाच फाइलीत राहते तेथे ती टाळणे आपल्या हाती आहे.

माप कोणाकडे मागावे?

सर्वांत मोलाचा प्रश्न यापुढचा आहे. 45 हे अंतर खोडास लागते, दात्यांच्या जागेस लागते आणि नळीसही लागते. मग ते ठेवावयाचे कोठे? नळीने ते खोडाच्या भोकावरून घ्यावे, खोडाने दात्यावरून आणि दात्याने पुन्हा नळीवरून, अशी व्यवस्था केली तर वर्तुळ तयार होते आणि प्रणाली हात टेकते. नळीने चाड्याच्या गोल कडेवरून माप घेतले, तर चाड्याची गोलाई बदलताच नळी निखळते. वास्तविक गोलाईचा आणि नळीच्या लांबीचा काही संबंध नव्हता.

यावरील उपाय असा की, जी मापे अनेकांना लागतात ती सर्वांच्या वर, एकाच ठिकाणी ठेवावी. मापांचा एक तक्ता असावा : दात्यांची संख्या 3, अंतर 45, कड 15, चाड्याची उंची 60. त्यासोबत एक सांगाडा-स्केच असावे. त्यात भागांचे आकार नसावेत. केवळ दात्यांच्या जागा, चाड्याचे तोंड आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असाव्यात. प्रत्येक कंपोनंटने आपले माप या सांगाड्याकडे मागावे. शेजाऱ्याकडे मागू नये. मग कोणताही एक भाग काढून टाकला, बदलला किंवा लाकडाऐवजी लोखंडाचा केला, तरी बाकीचे जागच्या जागी राहतात.

आणि प्रत्येकास नाव द्यावे. ‘स्केच 14’, ‘बॉडी 3’ ही प्रणालीने दिलेली नावे म्हणजे नावे नसणेच होय. ‘खोडाची भोके’, ‘बाजूची नळी’ असे लिहिण्यास क्षणभर लागतो. ते नाव आज काढणाऱ्यास नको असेल. सहा महिन्यांनी उघडणाऱ्यास, मग तो आपण स्वतः का असेना, ते हवे असते.

या खटाटोपाचे प्रयोजन

कोणी विचारील की, बाजारात तयार पेरणीयंत्र मिळत असताना एवढा खटाटोप कशास? तयार यंत्र मिळते हे खरे. परंतु ते आपल्या शेतासाठी आखलेले असतेच असे नाही. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालण्याची चाल आहे. कोणाची जमीन भारी, कोणाची उतारावरची हलकी. कोणास तुरीसाठी दाता सरकवावयाचा असतो, कोणास एक दाता कमी पाहिजे असतो. पूर्वी हा फेरफार गावचा सुतार आणि लोहार करून देत असत. त्यांच्या डोक्यातील मापांचा नकाशा कागदावर कधी उतरला नाही. तो एका हयातीबरोबर नाहीसा होतो, आणि पुष्कळ गावांत नाहीसा झालाही आहे.

नीट मांडलेला आराखडा हा नकाशा जपून ठेवू शकतो. त्यात केवळ अवजाराचा आकार राहत नाही. हे माप त्यावर का अवलंबून आहे, हा विचारही राहतो. ज्याने तो काढला त्यास न विचारता दुसरा कोणी 45 च्या जागी 30 घालू शकतो आणि वेल्डिंगच्या दुकानात बरोबर कापलेले भाग तयार होऊ शकतात. विस्कळीत आराखड्याचे तसे नाही. तो काढणाऱ्याबरोबरच निरुपयोगी होतो. मग कागदापेक्षा संगणकात अधिक काय साधले?

ज्यांच्या घरी कॅड शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना आमची एकच सूचना आहे. येत्या सुटीत त्यांना घरचे एखादे साधे अवजार आखावयास सांगावे; तिफण, वखर, नाहीतर फाटक. आखून झाले की चित्र किती सुबक आहे हे पाहू नये. तक्त्यातील एक आकडा बदलावयास सांगावे आणि बाकीचे भाग आपापल्या जागी नीट बसतात की नाही, ते पाहावे. बसले नाहीत, तर कोणी कोणाकडे माप मागितले होते, याचा शोध त्यांनीच घ्यावा. त्या शोधात जे शिकावयास मिळेल ते कोणत्याही पुस्तकात मिळावयाचे नाही. या लेखामुळे दोन-चार घरी जरी असा प्रयोग झाला, तरी त्याचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.